खांद्याला दोन बोटं

९ जानेवारी

ती. मामा,
नमस्कार. वाकून केलाय, हेल्मेटसकट.

तर तू नाही म्हणालास एवढं कळलं, पण नेमकं कशाला नाही म्हणालास ते कळेना. फोनवर तू बघू म्हणतोस आणि मशीन चालू करतोस, म्हणून पत्र.

पुन्हा नीट सांगते. आम्ही कॉलेजमधले आठ जण इलेक्ट्रिक कार बनवतोय. एका माणसाची, तीन चाकांची, झोपून चालवायची. स्पर्धा वेगाची नाही, एवढ्याशा बॅटरीवर कोण जास्त लांब जातं त्याची आहे. बॉडी कशाची केली त्यालाही मार्क आहेत. प्लास्टिकची केली तर ती आपल्या पतवंडांनाही पुरून उरेल, म्हणून आमची लाकडाची. आणि पातळ, हलकी, आत माणूस आडवा मावेल अशी लाकडी वस्तू बनवणारा माझ्या ओळखीचा एकच सुतार आहे. तू शवपेट्या करतोस याचं मला काही नाही. टीमला तर फारच आवडलं.

ड्रायव्हर मी, कारण सगळ्यात हलकी मीच. टीममधला वजनकाटा (स्क्रूसुद्धा तोलून लावतो) म्हणतो की बॉडी माझ्या अंगाला जितकी चिकटून, तितकी हवा कमी अडेल. वेगळ्या घडीत माझी मापं आहेत, मिलिमीटरमध्ये. आईला ड्रायव्हरचं सांगू नकोस. तिला वाटतं मी ड्रॉइंग काढते.

उत्तर दे, नुसतं बघू नकोस.
तुझी टाचणी

१७ जानेवारी

चि. टाचणी,
आशीर्वाद आहेतच, ते कुठे जातायत.

पत्र पोचलं. मापांची घडी न उघडता परत पाठवतोय. मी जिवंत माणसाचं माप घेत नाही. दुकानाचा नियम आहे. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही.

मार्कांचं वाचून बरं वाटलं. माझं सगळंच काम मातीत परत जातं, पण त्याला मार्क असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कपाट हवं असेल तर करून देईन.

ताईला मी काही बोललो नाही. तिनं विचारलं टाचणी काय करते, मी म्हटलं गाडी चालवते. एवढंच.

जेवत जा. वजन कमी ठेवायचं काम त्या मुलाला करू दे.
मामा

२४ जानेवारी

चि. टाचणी,
आशीर्वाद अर्धेच पाठवतेय. उरलेले तू खरं बोलायला लागलीस की.

मामाकडून बाकीचंही काढून घेतलं. ड्रॉइंग काढतेस म्हणे. झोपून काढतेस का?

मामावर मात्र रागावू नकोस. आजोबा आजारी होते, डॉक्टर म्हणाले आता थोडेच दिवस. ते झोपलेत असं बघून मामानं हळूच मापाचा टेप लावला. आजोबाही सुतारच. डोळे न उघडताच म्हणाले की खांद्याला दोन बोटं जास्त धर, मला आवळलेलं चालत नाही. मामा टेप तिथेच टाकून बाहेर गेला. त्यानंतर जिवंत माणसाला त्यानं टेप लावला नाही. मला खुर्ची करून दिली तीसुद्धा अंदाजानं. अजून माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

हे मी सांगितलं असं त्याला कळता कामा नये. आणि बेल्ट लाव.
चिडलेली, पण तुझीच,
आई

२ फेब्रुवारी

ती. मामा,
नमस्कार, पुन्हा वाकून.

नियम कळला, मापं पाठवत नाही. पण आमचं एक चुकलंय. माझ्या मापाची पुठ्ठ्याची बॉडी करून बघितली. इतकी फिट बसली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बाहेर यायची वेळ आली. नियम असा आहे की ड्रायव्हरनं एकट्यानं दहा सेकंदांत बाहेर यायचं, आग लागली तर म्हणून. नाही जमलं तर गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. मला सत्तावीस सेकंद लागले, तेही पुठ्ठा फाडून. आठ इंजिनिअर, आणि आठही जणांनी झोपलेल्या मुलीचं माप धरलं. उठणाऱ्या मुलीचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तर मला पेटी नकोच आहे. जिच्यातून माणूस उठून बाहेर येतो अशी वस्तू हवीय. तू मला जन्मल्यापासून बघतोयस, तुला टेप कशाला लागतो? स्पर्धा वीस मार्चला. तू नाही म्हणालास तर आमची गाडी म्हणजे तीन चाकं आणि एक मोटर.

वाट बघतेय.
टाचणी

६ मार्च

चि. टाचणी,
आशीर्वाद, या वेळी घाईतले.

बॉडी टेम्पोनं पाठवली आहे. टेम्पोवाल्यानं सांत्वन केलं. ही ट्रॅकवर चालवायची आहे असं सांगितल्यावर त्यानं भाडं आधीच मागून घेतलं.

माप अंदाजाचं आहे. खांद्याला दोन बोटं जास्त धरलीत. कुणी विचारलं तर सुताराची चूक म्हणून सांग. सवयीनं बाहेरून उचलायच्या सहा कड्या लागल्या होत्या. सहाही काढल्या, त्यातल्या दोन आतून लावल्या, उठताना धरायला. झाकण आतून उघडतं. असं आधी कधी केलं नव्हतं, म्हणून स्वतः झोपून तीनदा उघडून बघितलं. तिसऱ्या वेळी शेजारी दारात उभे होते. ते गेले.

माझं काम दुकानातून गेलं की परत येत नाही. हे परत आण. तुझ्यासकट.
मामा

२२ मार्च

ती. मामा,
नमस्कार. वाकून आणि लगेच उठून, आता सराव झालाय.

आठ सेकंद. कड्या धरल्या, कोपर तुझ्या त्या जादा जागेत वळलं, झाकण ढकललं, बाहेर. आईच्या घड्याळात नऊ झाले, पण ती घाबरून मोजत होती. आमच्या आधीची गाडी फार सुंदर होती, ड्रायव्हरच्या अंगाला अगदी चिकटून. तो खांद्यात अडकला. ट्रॅकवर गेलीच नाही.

एकोणीस गाड्यांत आम्ही सातवे. मटेरियलला पूर्ण मार्क. परीक्षकांनी विचारलं की वापर संपल्यावर बॉडीचं काय होणार. मी सांगितलं की सुताराला त्यातला बराच अनुभव आहे, आणि तू काय करतोस तेही सांगितलं. ते पुढच्या गाडीकडे गेले.

बॉडी रविवारी घेऊन येतेय, माझ्यासकट. झाकणाला एक चरा पडलाय, तो बघून ओरडू नकोस.
तुझी टाचणी

ता. क. वजनकाट्यानं हिशोब केलाय. खांद्याची दोन बोटं नसती तर आम्ही तिसरे आलो असतो. पुढच्या वर्षी ड्रायव्हर दुसरी मुलगी आहे, माझ्याहूनही बारीक, आणि तो तिच्यासाठी टेप घेऊन तयार आहे. मतं घेतली, चार विरुद्ध चार. मग मी त्यांना आजोबांचं सांगितलं. (मला कुणी सांगितलं ते विचारू नकोस, तिचे पाय अजून जमिनीला टेकत नाहीत.) वजनकाट्यानं टेप खिशात ठेवला, पण फळ्यावरचा हिशोब पुसला नाही. मामा, तूच सांग, ती दोन बोटं ठेवायची की काढायची?