ओल्या सारवणावरचे बूट

गुंद, शनिवार, मार्गशीर्ष

संध्याकाळपासून ते ठसेच डोळ्यांसमोर येतायत. कॉलेजातून सुट्टीला आलोय, म्हणून दुपारी माझ्या जुन्या शाळेत गेलो आणि बुटांसकट आत शिरलो. शनिवारी पोरं शाळा सारवतात, हे विसरलो कसा? चार वर्षं मीही सारवलीच होती की! ओल्या शेणावर ठसे उमटले. एक पोरगी ओरडली, "मास्तर, बूट!" मास्तरांनी तर मला नावानं हाक मारली होती, ओळखलं होतं. तरी तिला शांतपणे म्हणाले, "आसू दे गं. पाव्हणं हायत, त्यांस्नी ठावं न्हाई." मग स्वतः खाली बसून हातानं ठसे सारवू लागले.

पूर्वी त्यांनी अख्खी शाळा मला परत सारवायला लावली असती. आज नाही लावली.