टाकीकडे न सोडलेली हवा

कुपवाड, मंगळवार संध्याकाळ

आज बिरूला कामावरून काढलं. चूक माझी होती.

साताऱ्याच्या एका रिटायर सुभेदारांना आम्ही वर्कशॉपात जुन्या बसची राहायची कॅरव्हॅन करून दिली. लडाखला न्यायची म्हणून आत डिझेलचा हीटर बसवला. तेव्हाच मेंढरं सोडून आमच्याकडे आलेला वेल्डर बिरू म्हणाला होता, "मालक, ह्यातली थोडी गरम हवा पायपानं खाली पान्याच्या टाकीकडं सोडूया. गाडीचं पोट गार ऱ्हायलं तर पानी गोठंल." मी सगळ्यांसमोर हसलो. म्हणालो, "मेंढरं राखणाऱ्यानं बर्फ कवा बघितला रं?" त्यानं वाकून गाडीच्या पोटाच्या पत्र्यावर हात ठेवला, एवढंच.

दुपारी लडाखहून सुभेदारांचा फोन आला. पाणी गोठून टाकी तडकली, पाइप फुटले, बायको तापानं फणफणलीय आणि गाडीत प्यायला थेंब नाही. "हितला मिस्त्री इचारतोय, खाली गरम हवा का न्हाई सोडली?" फोन स्पीकरवर, सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "वेल्डरनं हयगय केली. आजच हाकलतो त्याला."

बिरू समोरच उभा होता. एका शब्दात मला खोटं पाडता आलं असतं त्याला. का नाही बोलला? पत्र्यावरचा तो हात डोळ्यांसमोरून जात नाही. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहून ठेवतो.

जाताना त्यानं एवढंच विचारलं, "मालक, त्यास्नी दवाखाना घावला का? त्यांच्या बाईंना बरं हाय का आता?"

मी फोनवर ते विचारलंच नव्हतं.