खुनी डॉक्टरच होता, आत्याबाई!

प्रिय आत्याबाई,

नमस्कार-चमत्कार नंतर, आधी ऐका! आम्ही आत्ताच सांगलीहून आलोय आणि मी साडीसुद्धा न बदलता लिहायला बसलेय. सुनेनं गेलेल्या सासूला पिक्चरबद्दल पत्र लिहिलेलं कुणी ऐकलंय का? पण हे दुसऱ्या कुणाला सांगू? तुम्हीच पायजे होता आज.

पिक्चर खुनाचा. म्हणजे जाहिरातीत खुनाचा! लय भुक्कड हो! सुरुवातीलाच इन्स्पेक्टर जिना चढायला लागला. पर्समधनं चोरून नेलेल्या शेंगा मी सोलल्या, खाल्ल्या, टरफलं पिशवीत भरली, वर बघते तर गडी अजून जिन्यातच! तुम्ही असता तर ओरडला असता, "आरं चढ की लवकर, मढं कुजलं तिकडं!"

मढं कुठं, तर उसात. एका सीनला तोड झालेली, नुसतं पाचट पसरलेलं. पुढच्या सीनला त्याच रानात ऊस डोक्याच्या वर! मेलेल्याचा मोबाईल विहिरीत बुडाला, तरी त्याच्यावरनंच धमक्या येतायत. नायिकेनं खुन्याला बघितलंय, पण तिला कुणी विचारतच नाही. का? विचारलं तर पिक्चर संपेल ना!

पण मला सांगायचंय ते मामांचं. तुम्ही गेल्यापासून तुमच्या मालकांनी तोंडाला कुलूपच लावलं होतं. व्हय आणि न्हाई, बास. मिलिटरीतला एवढा खणखणीत आवाज, कुठं गेला कुणास ठाऊक! वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. लय भ्या वाटायचं मला. असं का केलंत हो? जन्मभर त्यांच्या वाटणीचंही तुम्हीच बोललात, आणि त्यांना बोलायची सवय न लावताच निघून गेलात!

आज त्यांना मिरजेला दाखवायला नेलं होतं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होते, म्हणून तुमचे चिरंजीव म्हणाले, "चला, तवर सांगलीत पिक्चर टाकू." मामा मुकाट्यानं आले.

मध्यंतर झालं. आपल्या घरची रीत तुम्हीच पाडलेली, मध्यंतराला ज्यानं त्यानं आपला खुनी सांगायचा, चुकेल त्यानं रात्रीची भांडी घासायची. तुमच्या मागं हा खेळ कुणी काढलाच नव्हता. सवयीनं माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मामा, खुनी कोण?" आणि लगेच जीभ चावली. मामा कोऱ्या पडद्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "तिनं डॉक्टर सांगितला असता."

तिनं! म्हणजे तुम्ही, आत्याबाई!

आणि शेवट काय सांगू! रक्ताचा सदरा डॉक्टरच्या गाडीत, पळून गेला तोही डॉक्टर. आणि खुनी कोण निघाला? वॉचमन! अख्ख्या पिक्चरमध्ये एकदाही न दिसलेला वॉचमन! मामा ताडकन उभे राहिले. "ए, खोटं हाय ह्ये! खुनी डॉक्टरच हाय! आमची मंडळी मध्यंतरालाच सांगून बसलीया!"

मागनं शिट्टी पडली. कोणतरी ओरडलं, "बरोबर हाय आजोबा! मंडळींना उभं करा!" चिरंजीव त्यांना खाली बसवायला उठले, तर मीच त्यांचा हात धरला. म्हटलं, बोलू द्या. मी हसत होते का रडत होते, मलाच कळेना.

रिपोर्ट चांगले आलेत, काळजी नको. इस्लामपूर येईस्तोवर मामा गाडीत बोलतच होते. डॉक्टरनं खून कसा केला, का केला, सगळं! आष्ट्याला चहाला थांबलो तर चहावाल्यालाही सोडलं नाही. आणि आत्ता बाहेरनं हाक मारतायत, "आगं, भाकरी टाक की! आन् ठेचा कर, लय भूक लागलीया."

उठते आता. पण आधी शब्द देते तुम्हाला. मामांना मी एकही चांगला पिक्चर दाखवणार नाही. चांगला बघून ते गप्प घरी यायचे, आणि ते मला नको. शोधून शोधून भुक्कड काढीन, आणि प्रत्येक मध्यंतराला तुमचा खुनी त्यांनाच विचारीन.

तुमचीच थोरली सून,
सुनंदा