पळू नकोस

तीर्थस्वरूप अक्का यांना,

नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? साडूभाऊंचं ऐकण्याचं यंत्र दुरुस्त झालं का, की अजून ते सोयीचं तेवढंच ऐकतात? माझी तब्येत ठीक आहे. फक्त घसा बसलाय, म्हणून फोन न करता लिहितो आहे. (फोन केला असता तर तुम्ही उचलला असता की नाही, हा प्रश्न वेगळा. ही जाऊन दहा दिवस व्हायच्या आत लेक सराव शिबिराला निघून गेली, म्हणून तुम्ही आमच्याशी बोलणं टाकलंत, त्याला चार महिने झाले. तक्रार नाही, लक्षात आहे एवढंच.) ‘ही’ असंच लिहिलं जातं, माफ करा. ‘ती’ लिहून पाहिलं, हात वळत नाही.

आपल्या देशाचा संघ परदेशात स्पर्धांना गेला होता हे तुम्ही वाचलंच असेल. एकाहत्तर जण गेले, एक रौप्य आणि तीन कांस्यपदकं मिळाली. पेपरवाल्याने चौघांचे फोटो छापले आणि खाली एक ओळ टाकली, ‘बाकीच्यांनी निराशा केली.’ अक्का, त्या बाकीच्यांत आपली पोर आहे. मी जन्मभर पाणीखात्यात नळांचे नकाशे काढले, आकडे तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून सगळे निकाल काढून पाहिले. बाकीच्या सदुसष्टांपैकी नऊ जणांनी देशाचा विक्रम मोडलाय. एक वजन उचलणारी बाई होती. शेवटच्या प्रयत्नात तिचा बार डोक्यावर गेला आणि मागे पडला, तिच्यासकट. ती उठली, पंचांना नमस्कार केला आणि जशी आली तशी ताठ निघून गेली. निराशा नक्की कुणाची झाली ते पेपरवाल्याने लिहिलेलं नाही. माझी तरी झाली नाही.

आता घशाचं सांगतो. पोरीची शर्यत म्हणजे वीस किलोमीटर चालणं. सकाळीच होती. घरात दहाएक माणसं जमली (मी बोलावली नव्हती, टीव्ही बोलावतो). शेजारचे निवृत्त कवायत मास्तर आले. त्यांच्या गळ्यात अजून शिट्टी असते, म्हणून त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणतात. ते येऊन थेट हिच्या खुर्चीवर बसले. मी काही बोललो नाही. (मी कधीच काही बोलत नाही, हे तुम्ही आमचं लग्न ठरतानाच म्हणाला होतात.)

“चालायची कसली आलीये शर्यत?” मास्तर म्हणाले. “मी रोज दूध आणायला चालत जातो. मला दिलं का कुणी पदक?”

“तुम्ही घरी पोचेपर्यंत त्या दुधाचं दही होतं, मास्तर,” वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नियम असा आहे की एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही सुटले की ते पळणं झालं. पंच लाल कार्ड देतात आणि तिसऱ्या कार्डाला बाहेर काढतात. हे आपल्या पोरीला कुठल्याही प्रशिक्षकाच्या आधी हिने शिकवलं. हिने बावीस वर्षं टपाल वाटलं, आणि शाळा सुटली की पोरगी बरोबर. जिन्यात पोरगी पळाली की हातातली पत्रं सांडायची, आणि ही वरून ओरडायची, “पळू नकोस!” मग दोघी इतक्या भरभर चालायला लागल्या की बाजारात मला मागून हाका माराव्या लागत. (मारत नसे. घरी जाऊन वाट पाहत असे.)

शेवटच्या फेरीला पोर पाचवी होती आणि तिच्या नावावर दोन लाल कार्डं होती. मागून दोघी जवळ आल्या. इकडे खोलीत एकच गलका, “पळ! अगं पळ ना!” मास्तरांनी तर शिट्टीच फुंकली. तेवढ्यात तिचा डावा खांदा वर झाला. पळायच्या आधी तो नेहमी वर होतो, जिन्यातही व्हायचा. मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, “पळू नकोस!”

असा आवाज माझ्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. मास्तरांच्या तोंडातली शिट्टी पडली. बाहेर विजेचं मीटर वाचणारा माणूस धडाधड जिना उतरत होता, तो दोन्ही हात वर करून जागीच थांबला. “साहेब, नुसतं रीडिंग घेतलंय हो, वरच्या बाईंना विचारा!” त्याला आत आणून बसवलं. मास्तर खुर्चीवरून आपणहून उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

पोरीचा खांदा खाली आला. (माझ्या ओरडण्याने आला नाही, एवढं मला कळतं. मध्ये समुद्र आहे.) त्या दोघी पुढे गेल्या, तिने जाऊ दिल्या. पाचवीची सातवी झाली, पण शेवटपर्यंत चालली. देशाचा विक्रम चोपन्न सेकंदांनी मोडला. आधी मीटरवाला रडला, मग मास्तर. मी चहा टाकायला आत गेलो आणि बराच वेळ चहाच टाकत होतो.

सगळ्यांना नमस्कार सांगा. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमचा न बोलणारा मेहुणा

ता. क. : पोरगी रविवारी दुपारी चारच्या गाडीने येते आहे. ती अजूनही जिना पळतच चढते, तेव्हा वरून कुणीतरी ओरडायला हवं. माझा घसा हा असा. तुमचा आवाज अगदी हिच्यासारखा आहे, फोनवर मीसुद्धा फसायचो. याल का?

ता. क. २ : शिबिराला जायला ती तयार नव्हती. तिची बॅग मी भरली आणि तिला गाडीत मी बसवलं. शेवटच्या आठवड्यात हिने मला बजावलं होतं, “तिला थांबवू नका.” हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, पण इथे येऊन.

ता. क. ३ : घसा खरं तर परवाच मोकळा झाला.