आमोण्याच्या थांब्यावरची चार मिनिटे

१ जानेवारी २०२५, बुधवार

या वहीत मला एकच विधान सिद्ध करायचे आहे : चालकाने आपली जागा न सोडता आणि आवाज न चढवता कोणत्याही हट्टी उतारूला गाडीत चढवता येते, बसवता येते आणि वेळेवर उतरवता येते. प्रतिज्ञा मांडली. हेतू आणि उदाहरणे पुढे येतील.

निमित्त पात्रांवाचे. पात्रांव म्हणजे गाडीचा मालक प्रशांत – वयाने माझ्याहून तीस वर्षांनी लहान, पण गाडी त्याची. काल म्हणाला, "मास्तर, तुमचा हात सोन्यासारखा. पण माणसां सांभाळूक आता तरणो ड्रायव्हर जाय." साडेसातला साखळी सोडून आठ चाळीसला पणजी गाठायची, आणि आम्ही रोज चार मिनिटे उशिरा पोचतो. नोकरदारांच्या तीन तक्रारी झाल्या आहेत. पंधरा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत एक दिवस जरी उशीर झाला तर चावी त्याच्या टेबलावर ठेवायची. मी मान्य केले. अट स्पष्ट होती. स्पष्ट अटीवर रागावता येत नाही.

काकांकडे न्यायशास्त्र शिकलो, कॉलेजात तर्कशास्त्र घेतले आणि आयुष्यभर खनिजाचा ट्रक चालवला, कारण त्याचा पगार शिक्षकापेक्षा बरा होता. खाणी थांबल्या, ट्रक थांबला. बस त्यानंतरची. लोक मला मास्तर म्हणतात, आणि शिक्षण वाया गेले असेही म्हणतात. त्यांनी सकाळची साखळी–पणजी चालवलेली नाही.

२ जानेवारी, गुरुवार

दोष कुठे आहे ते नेमके सांगता येते – आमोण्याच्या थांब्यावर. तिथे शंभू आणि सदाशिव उभे असतात. दोघे शेजारी, दोघे सत्तरीपलीकडचे. गाडी थांबते, दार उघडते, आणि दोघेही चढत नाहीत.

"आदीं तूं चड."

"ना, तूं चड. हांव मागीर."

"व्हड शाणो. देवळांत करता तेंच हांगाय?"

"तूं चड म्हणटां न्हय."

मागून कोणीतरी ओरडले, "तुमी दोगूय रावात हांगा, आमी वतात." सगळी गाडी हसली. अखेर शंभू चढला, कडी चाचपडत, मुद्दाम सावकाश. चार मिनिटे दहा सेकंद.

पुलावर वेग वाढवून ही मिनिटे मी भरून काढत नाही. ते दुसऱ्यांच्या जिवावर वाद जिंकणे होईल.

३ जानेवारी, शुक्रवार

पहिले उदाहरण हाती आले. भाजीवाली चंद्रावती आपली पाटी पुढच्या दारातच ठेवते. वाहक गौरेशने दोन वर्षे भांडून पाहिले. "माझी पाटी तुज्या डोक्यार दवरूं?" हे तिचे ठरलेले उत्तर.

मी भांडलो नाही. आरशातून म्हणालो, "चंद्रावतीबाय, या दाराकडे मला बघता येत नाही. आजपासून हे दार तुमच्या ताब्यात. कोणी अडखळले तर जबाबदारी तुमची."

माशेल येईपर्यंत पाटी आसनाखाली गेली होती. उतरताना एका कॉलेजकुमाराला ती दरडावत होती – "बॅग काड रे वाटेवयली!"

आडमुठ्या माणसाला नियम सांगू नये. त्याला नियमाचा राखणदार करावे.

६ जानेवारी, सोमवार

साईश नावाचा तरुण मोबाइलवर मोठ्याने गाणी लावतो. गौरेशकरवी निरोप पाठवला : सगळ्यांना ऐकू येत नाही, कृपया उभे राहून प्रत्येक गाण्याचे नाव जाहीर करावे. खोर्ली येईपर्यंत कानात वायर.

८ जानेवारी, बुधवार

आमोण्याचे प्रकरण आज शांतपणे तपासले.

त्यांच्या वाड्यावर पालखी निघते तेव्हा घरोघरचे मानकरी पुढे चालतात. देव सर्वांत मागे. म्हणून जो शेवटी चालतो तो देवाजवळचा, आणि त्याचा मान मोठा. तो शेवटचा मान शंभूच्या घरचा की सदाशिवच्या, यावर वाडवडिलांपासून वाद आहे. हे साऱ्या आमोण्याला ठाऊक आहे.

आता अनुमान सरळ आहे. जो मागे राहतो तो मान मिळवतो. हे दोघे मागे राहू पाहतात. म्हणून हे दोघे मानासाठी भांडतात. जिथे धूर तिथे अग्नी.

गौरेशला समजावले. म्हणाला, "मास्तर, आग लागली तर पाणी मारूया काय दोगांकय?"

त्याला तर्कशास्त्राची गोडी नाही. पण वाहक उत्तम आहे.

९ जानेवारी, गुरुवार

वयाचा मुद्दा वापरून पाहिला. वडील असेल त्याने आधी चढावे, असे सुचवले. दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले. पाच मिनिटे. हा उपाय रद्द.

१३ जानेवारी, सोमवार

गाडीला दोन दारे आहेत.

इतकी साधी गोष्ट मला बारा दिवसांनी सुचली, याची नोंद करतो. शंभूने पुढच्या दाराने चढावे, सदाशिवने मागच्या. गौरेशने शिट्टी वाजवताच दोघांनी एकाच क्षणी पाय ठेवावा. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. मानाचा प्रश्न उद्भवतच नाही.

खिडकीतून मी दोघांना हे सांगितले. सदाशिवने शंभूकडे, मग पायरीकडे पाहिले. सदाशिव एवढेच म्हणाला, "मास्तर, सरकारी हुकूम हो?"

मी म्हटले, "त्याहून बळकट. युक्तिवाद आहे."

गौरेशने शिट्टी वाजवली. बावीस सेकंद.

१५ जानेवारी, बुधवार

अटीचा पहिला दिवस. मांडवीवर दाट धुके, तरी पणजी ८.३८.

१७ जानेवारी, शुक्रवार

८.३९. तक्रार करणाऱ्या तिघांपैकी एकाने उतरताना हात जोडले. मी मान लववली. विजयात फार बोलू नये.

२१ जानेवारी, मंगळवार

आता आमोण्याला शिट्टीची गरज नाही. सगळी गाडी मिळून आकडे मोजते – "एक, दोन, तीन!" – आणि दोघे चढतात. अठरा सेकंद. पात्रांवाने गौरेशच्या हाती एक वाक्य पाठवले : "म्हाताऱ्याक मानलें."

काका असते तर म्हणाले असते, निष्कर्ष काढायची घाई करू नकोस. पण काकांनी आठ चाळीसची वेळ कधी सांभाळली नव्हती.

२४ जानेवारी, शुक्रवार

हट्ट मुळातून जात नाही, हे नमूद करतो. सदाशिव मागून चढतो आणि लगेच गर्दी रेटत पुढच्या दाराशी येतो. रोज. आपला प्रतिस्पर्धी कुठे बसला ते पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसावे.

दोघे माशेलला उतरतात. शंभू लेकीच्या घरी जातो. त्याची बायको विमला तिथे अंथरुणाला खिळली आहे आणि तिला सकाळची पेज तो भरवतो. सदाशिव स्टँडवरच्या बाकावर बसून राहतो. त्याचे माशेलला काय काम, ते मी विचारलेले नाही. उतारू का प्रवास करतो याच्याशी चालकाला कर्तव्य नसते.

२८ जानेवारी, मंगळवार

८.३७! महिन्यातली सर्वोत्तम वेळ. तीन दिवस उरले. प्रतिज्ञा सिद्ध झाली असे मी आजच लिहू शकतो, पण नियमाप्रमाणे शुक्रवारपर्यंत थांबेन.

चंद्रावती हल्ली आमोणे आले की दारात उभी राहते. सोपवलेले काम तिने जरा जास्तच मनावर घेतले आहे.

३० जानेवारी, गुरुवार

गाडीने "तीन" म्हटले आणि शंभूचा पाय पायरीवर पडलाच नाही. तो नडगीवर आपटला. चंद्रावतीने त्याचे मनगट धरले नसते तर तो चाकाशी गेला असता. मागच्या दारातून सदाशिव ओरडला – "शंभू!" – आणि चढता चढता खाली उडी टाकून धावत पुढे आला. सत्तरीपलीकडचा माणूस.

खरचटले होते, फार नाही. शंभूला माझ्या मागच्या आसनावर बसवले. मी म्हटले, "लक्ष कुठे होते?"

चंद्रावती माझ्या कानाशी वाकली. हळू बोलली, तिला हळू बोलता येते हे मला ठाऊक नव्हते.

"मास्तरा, ताका पायरी दिसना. दोन म्हयने जाले. सदाशिव फाटल्यान रावतालो तो माना खातीर न्हय. हो पडलो जाल्यार धरपाक."

"मग शंभू का मागे राहायचा?"

ते शंभूने ऐकले. नडगी चोळत म्हणाला, "तो फुडें चडलो जाल्यार ताचो धवो शर्ट दिसता. शर्टाफाटल्यान पाय घालूंक येता." मग घाईने, "पुताक सांगूं नाकात, मास्तर. तो माका घरांत बसयतलो. विमलाक पेज कोण दितलो?"

सदाशिव म्हणाला, "आंदळो जालो तरी तोंड चलता न्हय, पुरो."

"तुजें तोंड दिसना तेंच बरें," शंभू म्हणाला.

प्रत्येक जण दुसऱ्याला आधी चढ म्हणत होता, ते मानासाठी नव्हे : सदाशिवला पडणाऱ्या शंभूला मागून धरायचे होते, शंभूला पुढच्या पांढऱ्या शर्टामागून पाय टाकायचा होता. आणि अठरा दिवस मी त्यांना दोन दारांत विभागून ठेवले होते. गाडीने आकडे मोजले होते. मीच मोजायला शिकवले होते.

पणजी ८.३९. वेळ पाळली गेली.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज एकट्या शंभूला हात दिला असता तर त्याचे गुपित गाडीभर झाले असते. म्हणून साखळीच्या पहिल्या थांब्यापासून प्रत्येक थांब्यावर मी जागा सोडून खाली उतरलो आणि प्रत्येक वृद्धाला हात देऊन चढवले. आजपासून नियम आहे, असे सांगितले. कोणाला त्यात विशेष काही वाटले नाही. आमोण्याला शंभू माझ्या हाताने चढला, सदाशिव त्याच्या मागे, पुढच्याच दाराने.

पणजी ८.५१. अकरा मिनिटे उशीर.

पात्रांवाने कारण विचारले. मी म्हटले, "जागा सोडली." चावी टेबलावर ठेवली, त्याने ती खणात टाकली. बाहेर गौरेश उभा होता. म्हणाला, "नवो येऊं दी, मास्तर. ताकाय गाडयेंतल्यान देंवयतां दर स्टॉपार, म्हाताऱ्यांक हात दिवपाक."

कबुली : १ जानेवारीची माझी प्रतिज्ञा असिद्ध आहे. मी आमोण्याला धुके पाहिले आणि त्याला धूर म्हटले.

– पुंडलिक रामा गावस, चालक