पायऱ्यांवरची बाटली

प्रिय ताई,

काल फोन ठेवण्याआधी तू एकच विचारलंस, "कधीपासून?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. तीन वर्षांचे अहवाल काढून बसले, तरी नाही. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. बरोबरच आहे तुझं. म्हणून हे भाऊजींच्या हाती देते आहे. बाळाच्या रक्ताच्या तपासणीची वाट बघत दवाखान्याच्या बाकावर बसली असशील, तेव्हा वाच. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

काल मी नुसतं म्हटलं, नळाचं पाणी बाळाला देऊ नकोस, जार मागव आणि त्याला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने. तू भडकलीस. "पाणी चांगलं आहे असं तूच म्हणाली होतीस ना?" म्हणाले होते. चौदा महिने दर महिन्याला लिहूनही दिलं, खाली सही करून. पाणीपुरवठ्यातल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी चष्म्याशिवायच ते मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे मनाला येईल ते म्हणाले, आणि आपण दोघी हसून लोळलो, आठवतं? मग तू गल्लीभर सांगत सुटलीस, आमच्या धाकटीनं हो म्हटल्याशिवाय शहराला घोटभर पाणी मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात जार बंद केलास. बहीण तपासतेय म्हटल्यावर विकतचं कशाला! मला काय बरं वाटलं होतं तेव्हा.

आता हे नीट समजून घे, कारण डॉक्टर विचारतील. नळाच्या पाण्यातले जंतू, गढूळपणा, क्लोरीन आम्ही रोज बघतो. रसायनांची तपासणी महिन्यातून एकदाच, आणि तीसुद्धा तलावातल्या पाण्याची. आमची नाव तीन वर्षं मोडून पडली होती. म्हणून शिपाई काठाच्या पायऱ्या उतरून बाटली बुडवायचा आणि मला आणून द्यायचा. गेल्या आठवड्यात नाव दुरुस्त झाली. मी निव्वळ हौसेनं तिच्यात बसले. दोरीला वजनाची बाटली बांधून शहरासाठी पाणी ओढणाऱ्या खालच्या दारापाशी, थेट तळाशी सोडली. वर आलं ते पाणी इतकं नितळ, की काचेत आहे की नाही कळू नये. ना वास, ना रंग. त्यात नायट्रेट मर्यादेच्या अडीचपट निघालं.

वरच्या अंगाला नायट्रिक आम्लानं धातू धुणारे कारखाने आहेत. त्यांचं खारट, जड पाणी तलावात शिरलं की वरच्या पाण्यात मिसळत नाही. ते जुन्या ओढ्याच्या पात्रातून तळातळानं सरकत दारापर्यंत येतं. पायऱ्यांवरचं पाणी खरंच स्वच्छ होतं, ताई. माझे आकडे खोटे नव्हते. पण ते पाणी कोणी पीतच नव्हतं.

आपल्यासारख्यांना नायट्रेटनं सहसा काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं रक्त मात्र त्यामुळे प्राणवायू नीट वाहून नेत नाही. तुला दूध कमी आलं, पावडरचं सुरू झालं, तेव्हा पाणी किती वेळ उकळू असं तू मला विचारलंस. मी ऐटीत सांगितलं, चांगलं वीस मिनिटं. जंतू मरतात, पण नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन उडतं आणि ते पातेल्यात राहतं, आणखी दाट होऊन. तू जितकी काळजी घेतलीस तितकं ते वाढत गेलं, आणि ती काळजी तुला मी शिकवली.

परवा दुपारी तो आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. संध्याकाळी तुझा फोन आला. याचे ओठ बघ कसे निळसर दिसतात, बापावर गेलाय, असं तू म्हणालीस. भाऊजी मागून ओरडले, "गोरं ते मावशीवर आणि काळं ते माझ्यावर होय!" मीही हसले. फोन ठेवल्यावर तो आकडा आणि ते निळसर ओठ एकमेकांना जुळले. तरीही मी थांबले. पुन्हा तपासलं, द्रावणं बदलून तपासलं, शेवटी प्रयोगशाळेतल्या बेसिनच्या नळाचं पाणी घेतलं. तिथेही तेच. तेवढ्या वेळात बाळ किती बाटल्या दूध प्यायलं, हे मी मोजायचं टाळते आहे.

साहेबांना दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "बुडातलं कशाला ढवळतेस? पायऱ्यांवरच्या बाटलीवर सही कर, बाकीचं बघू पावसाळ्यानंतर." त्यांच्या अडचणीतही तथ्य आहे. तलाव उतरलाय, वरचं दार पाण्याबाहेर उघडं पडलंय. खालचं बंद केलं तर शहराला दुसरीकडून पाणी नाही. आणि मी गप्प राहिले तर पुढच्या वर्षी नोकरीत कायम होईन, असंही ते जाता जाता म्हणाले.

तुमच्या खालच्या मजल्यावर बाळंतीण आहे ना? तिला आजच सांग. आरोग्य खात्याला मी आकडे कळवलेत, पण कागदापेक्षा तू लवकर पोचशील.

पाळीवरच्या केमिस्टनं लेखी कारण दिलं तर पाणी थांबवता येतं, असा एक नियम आहे. आजवर कोणी वापरलेला नाही. आज सकाळी सहाला मी नोंदवहीत कारण लिहिलं, वेळ टाकली, सही केली. व्हॉल्व्हमन काकांनी ते पान वाचलं. "पोरी, यात माझं नाव नको हं," म्हणाले, आणि उठले. खालच्या दाराचं चाक जड होतं, आम्ही दोघांनी मिळून फिरवलं. टाक्यांतलं जुनं पाणी संपलं की संध्याकाळी तुमच्या गल्लीचे नळ कोरडे पडतील. बायका रिकाम्या बादल्या घेऊन तुझ्याच दारात येतील, विचार तुझ्या बहिणीला म्हणतील. त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसले. पाणी मी बंद केलंय.

तुझीच,
धाकटी