तुमच्या बटणाने राऊळ खाली उतरले

श्री. सत्यवानराव यांस लवूभावोजींचा सप्रेम नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. तुमची ताई बरी आहे, तिचा गुडघा बरा आहे, बर्फाची फॅक्टरीही चालू आहे. तुमचं पोट कसं आहे? (गेल्या खेपेला खापरोळ्यांनंतर बिघडलं होतं, म्हणून विचारलं.)

तुम्ही मे महिन्यात आमच्या जत्रा कमिटीला एक्सेलमध्ये मॅक्रो करून दिलात, तो फार गुणी आहे. कुठल्या घराण्याकडून किती नारळ, किती तांदूळ, किती तेल आलं ते आमची खजिनदार संचिता एकाखाली एक टाइप करते. मग तुमचं बटण दाबलं की सगळ्याचा गोषवारा, म्हणजे ते पिव्होट टेबल, आपोआप मांडून तयार. घराणी उभी, वस्तू आडव्या, आकडे मधे. पूर्वी एवढ्या कामाला अख्खी कमिटी आणि किमान एक भांडण लागायचं. मी पडलो बर्फ विकून वर आलेला माणूस, मानकरी नव्हे, तरी यंदा अध्यक्ष. म्हटलं, गावाला काहीतरी नवं दाखवू. टेबल छापलं आणि धोंडूच्या हातात दिलं. देवळात मानाचे नारळ धोंडूच पुकारतो. (कागद हातात आला की तो डोकं बाजूला ठेवतो, हे मला माहीत असायला हवं होतं.)

पहिला पुकारा झाला आजगावकरांचा! तुमचा मॅक्रो, सत्यवानराव, घराणी बाराखडीने लावतो. पिढ्यान्‌पिढ्या पहिला नारळ राऊळांचा. ते 'र'मध्ये, म्हणजे जवळजवळ चपलांपाशी. आजगावकरांनी तर नारळ वाढवूनही टाकला. तात्या राऊळ उठले. "लवू, आमचो मान तू बर्फात घातलंस!" राऊळांचा खांदा लागल्याशिवाय पालखी हलत नाही, आणि पालखी या शुक्रवारी.

मी लॅपटॉप घेऊन थेट त्यांच्या पडवीत. माउसने राऊळांना उचललं आणि टेबलात सगळ्यांच्या वर नेऊन बसवलं. तात्या खूश. चहा आला, काजू आले. मग त्यांनी विचारलं, "ह्या बटण कसला रे?" मी कौतुकाने सांगितलं. त्यांनी दाबलं. मॅक्रोने सगळी फील्डं, म्हणजे रकाने, बाहेर काढली, झाडूनपुसून पुन्हा बाराखडीने आत बसवली, आणि राऊळ त्यांच्या डोळ्यांदेखत सरसर खाली. "माझ्याच बोटान माका खाली घातलंस रे!" चहा अर्धा राहिला. काजू त्यांनी आत नेले.

तरी मॅक्रोत मानाचा क्रम कायमचा बसवून द्यावा, ही विनंती.

तुमचा,
लवू चेंदवणकर

ता.क. मानाचा क्रम सोबत पाठवणार होतो, पण राऊळांनंतर परब की सावंत यावर मीटिंग मोडली. तेव्हा मॅक्रोचं राहू दे. बटण मी काढून टाकलं आहे. धोंडू तोंडपाठ पुकारील.

ता.क. २. खरं काम असं की, चूक ज्याची त्याने पालखीआधी देवासमोर उभं राहून कबूल करावी, अशी तात्यांची अट आहे. मला पुढेही याच गावात राहायचं आहे, तुम्ही काय, शनिवारी पुण्यात. शिवाय तुमच्या ताईने तुमचं नाव घरोघर पोचवलेलंच आहे. गुरुवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढून पाठवलं आहे, खिडकीची सीट आहे. 'सत्यवान येऊन माफी मागतलो' असं गाऱ्हाणं काल देवासमोर घालून झालं, आणि तुमच्या वतीने 'व्हय महाराजा' मीच म्हटलं.